उसनी लय

सुयोग बोरस्तेचा डावा हात गेला तो एका साक्षीदाराच्या वाक्याच्या मधोमध, आणि ते सगळ्यात आधी कळलं ते दुसऱ्याच एका बाईला. सुयोगलाही नाही आणि त्याच्या बायकोलाही नाही. पुढे सहा-सात महिने शलाका बोरस्तेच्या मनात जे खदखदत राहिलं, त्याची सुरुवात तिथून झाली.

सुयोग नाशिकच्या जिल्हा न्यायालयात साक्षलेखक होता. यंत्रांनी बनवलेले आवाज आणि चित्रफिती खऱ्यांपासून वेगळ्या ओळखता येईनात, तेव्हा न्यायालयांनी उलटा रस्ता धरला होता. साक्ष माणसानंच ऐकायची, माणसानंच टंकायची, आणि ती माणसानं टंकली याची ग्वाही कीबोर्डनं द्यायची. या ग्वाहीचं नाव हस्तलय. कोणतं बटण किती वेळ दाबलेलं राहतं, एका बटणावरून दुसऱ्यावर जायला बोट किती वेळ घेतं, कुठे अडखळतं, कुठे घाई करतं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं की प्रत्येकाचा एक ताल निघतो. सही गिरवता येते. दोन तास चालणारा ताल कुणाला गिरवता येत नाही.

एका दालनात दोन साक्षलेखक असत. वीस मिनिटांनी पाळी बदले, पण साक्षीदार काही थांबत नसे. म्हणून एकानं वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि दुसऱ्यानं ते तिथूनच उचलायचं. सुयोगच्या शेजारी अकरा वर्षं जयमाला गांगुर्डे बसत होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, खडा आवाज, एकट्या राहणाऱ्या. सुयोग त्यांना ‘मॅडम’ म्हणे, त्या त्याला ‘बोरस्ते’.

मार्चमधल्या त्या दिवशी पाळी सुयोगची होती. जयमालाबाई बाटलीतून पाणी पीत होत्या. बाटली तशीच खाली ठेवून त्या म्हणाल्या, “बोरस्ते, हात उचला.”

“का? काय झालं?” सुयोगनं विचारलं, आणि ते विचारताना त्याची जीभ जड झाल्याचं न्यायाधीशांच्याही लक्षात आलं. तोवर जयमालाबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावलेला होता. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. आणखी अर्धा तास गेला असता तर वाचाही गेली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शलाकानं जयमालाबाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले. अगदी मनापासून मानले. मग विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?”

“आवाजावरून. ‘ळ’ उशिरा पडला. ‘ळ’ला डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबावं लागतं ना. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा ‘ल’च उमटला.”

शलाकानं त्यांचे हात सोडले. त्याच सकाळी घरी सुयोगच्या हातून चहाचा कप दोनदा निसटला होता, आणि ती त्याला म्हणाली होती, “लक्ष कुठाय तुझं?”

*

शलाका कीबोर्ड बनवायची. आधी अंबडच्या एका स्विचगिअर कारखान्यात दहा वर्षं काढली होती. मग पाथर्डी फाट्याच्या घरातच एका खोलीत टेबल मांडलं. लेखक, प्रोग्रॅमर, साक्षलेखक तिच्याकडून हवे तसे कीबोर्ड बनवून घेत. कुणाला हलकी स्प्रिंग हवी, कुणाला जड. कुणाला टकटक आवडे, कुणाला आवाजच नको असे. बटणाखालचा एकेक स्विच उघडून, बारीक ब्रशनं ग्रीस लावून, परत बंद करायचा. चौसष्ट स्विचना पूर्ण दिवस जाई. सुयोगचा कीबोर्डही तिनंच बनवलेला होता. बोटानं नुसतं टेकवलं तरी एखादी स्प्रिंग थकलीय का ते ती सांगू शकत असे. पण त्या कीबोर्डवर कुणी कसं टंकतंय ते ऐकायची सवय तिच्या कानाला कधी लागली नव्हती. आपल्याला कळतं ते स्विचमधलं, माणसातलं नाही, असं तिला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा वाटलं.

मराठी कीबोर्डवर काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताकडे असतात. महिन्याभरानं सुयोग घरी आला, त्यानं कीबोर्ड पुढे ओढला आणि बायकोचं नाव टंकायला घेतलं. पडद्यावर उमटलं, ‘सलक’. काना नाही आणि शिफ्टही नाही. त्यानं ते पुसलं आणि पुन्हा टंकलं. पुन्हा ‘सलक’. शलाका हसायला गेली आणि रडली.

डॉक्टर कस्तुरे नावाच्या एक तरुण बाई त्याचे व्यायाम घेत. त्यांनीच तो नवा उपाय सुचवला. प्रत्येक बटणाखाली तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं बसवायचं. त्यातून क्षणभर वीज गेली की बटण केसभर खाली ओढलं जातं, आणि बोटाला हाक मारल्यासारखं होतं: आता मी, आता मी. झोपी गेलेल्या बोटाला अशी हाक रोज हजारो वेळा ऐकवली की मेंदू दुसरीकडून वाट काढतो.

“पण हाक कुठल्या तालात मारायची हे महत्त्वाचं,” डॉक्टर म्हणाल्या.

“त्याचाच जुना ताल आहे की न्यायालयाकडे,” शलाका म्हणाली.

“तोच चालत नाही. तुम्हाला स्वतःला गुदगुल्या करता येतात का?”

“नाही.”

“कारण आपला हात काय करणार हे मेंदूला आधीच माहीत असतं, म्हणून तो तिकडे लक्षच देत नाही. स्वतःच्या तालाचंही तसंच. मेंदू म्हणतो, हे तर माझंच आहे, आणि झोपून राहतो. हाक परक्याची लागते. पण फार परक्याची नको, नाहीतर बोटं गोंधळतात. जवळच्या परक्याची हवी.”

अशा उपचारासाठी आपली लय देणाऱ्या लयदात्यांच्या यादीत चाळीस जण होते. त्यातल्या सर्वांत जवळच्याचा सुयोगच्या जुन्या तालाशी मेळ निघाला अठ्ठावन्न टक्के. मग शलाका स्वतः दोन तास टंकत बसली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिचा मेळ निघाला एकतीस टक्के.

“मनाला लावून घेऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या. “याचा आणि संसाराचा काही संबंध नाही. त्यांच्या शेजारी बसून काम करणारं कुणी आहे का?”

जयमालाबाईंचा मेळ शहाऐंशी टक्के निघाला. आकडा बघून डॉक्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्याच.

*

शलाकानं कीबोर्डवर जीव ओतून काम केलं, हे कुणालाही मान्य करावं लागेल. वेटोळी बसवायला आत जागाच नव्हती. तिनं अंबडच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून चार मिलिमीटर उंचीची ॲल्युमिनियमची चौकट कापून आणली आणि कीबोर्डची वरची नि खालची बाजू यांच्यामध्ये बसवली. वेटोळी तापायला लागली, तेव्हा खाली तांब्याचा पत्रा घातला. गुणगुणायला लागली, तेव्हा सिलिकॉनचा पातळ थर दिला. सोबत एक जास्तीचं सर्किट बसवलं, ज्यात दात्याची लय भरून ठेवायची. तीन आठवडे गेले. कीबोर्ड जड झाला, विटेसारखा, पण एकाही बटणाची हाक चुकत नव्हती.

मग जयमालाबाई आपली ताजी लय द्यायला घरी आल्या. सुयोग आतल्या खोलीत झोपला होता आणि शलाकानं मुद्दामच त्याला काही सांगितलं नव्हतं. जयमालाबाईंनी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड सरळ केला, चष्मा वर ढकलला आणि टंकायला सुरुवात केली. दोन ओळीही झाल्या नसतील. आतून आवाज आला, “मॅडम आल्यात का?”

शलाकाच्या हातात सरबताचा ग्लास होता. तिनं तो टेबलावर ठेवला, तो जरा जोरातच ठेवला गेला.

उपचाराचे रोज दोन भाग असत. पहिला ऐकण्याचा. डोळे मिटून, डाव्या हाताची बोटं नुसती बटणांवर ठेवायची आणि दात्यानं दिलेली लय बोटांखाली चालू द्यायची. त्यात अक्षरं नसत. मजकूर यंत्र साठवतच नसे. साठवायचा तो फक्त ताल. ठोके, थांबे, घाई. दुसरा भाग म्हणण्याचा. पडद्यावरचा उतारा पाहून टंकायचं आणि बटणं त्याच तालात हाका मारणार.

तीन आठवड्यांत डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काना दिला. पाचव्या आठवड्यात वेलांट्या आल्या. मिनिटाला अडतीस शब्दांपर्यंत वेग गेला. सुयोगला भूक लागायला लागली, तो दाढी करायला लागला, आरशासमोर शीळ घालायला लागला. शलाकाला आनंद होत होता. पण रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून बघायची: नवरा डोळे मिटून बसलाय, चेहरा अगदी निवांत, आणि त्याच्या बोटांखाली ती बाई चालतेय. चौदा वर्षांत तिनं त्याच्या हातात हात घातल्यावर असा निवांतपणा त्याच्या तोंडावर कधी आला होता का, ते तिला आठवेना.

एकदा तो उठला आणि म्हणाला, “आज मॅडमबरोबर फार छान झालं.”

“मॅडमबरोबर म्हणजे? त्या कुठे होत्या इथे?”

“तसं नाही गं. म्हणायचं आपलं.”

“मग तसं म्हणू नकोस.”

तिनं कुकर लावला.

त्या दुपारी सुयोग झोपल्यावर शलाकानं कीबोर्ड टेबलावर घेतला आणि लॅपटॉपला जोडला. दात्यांच्या रकान्यात एकच नाव होतं. खाली एक सोय होती, दोन दात्यांच्या लयींची सरासरी काढण्याची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. शलाकानं स्वतःची दोन तासांची लय घातली. प्रमाण टाकलं दहा टक्के. आपल्याच घरात, आपणच बनवलेल्या कीबोर्डात, आपल्याच नवऱ्याच्या बोटांखाली आपण दहा टक्केही असू नये? एवढं काय मागतेय मी?

दुसऱ्या दिवशी सुयोगला काही कळलं नाही. वेग दोन शब्दांनी उतरला, एवढंच. शलाकाला एक चोरटं, गोड समाधान वाटलं. चार दिवसांनी तिनं वीस टक्के केलं. मग अठ्ठावीस. दर वेळी ती म्हणायची, एवढंच, आता पुरे. मग सकाळी त्याचा तो डोळे मिटलेला चेहरा दिसायचा आणि अजूनही तो तिचा वाटायचा नाही. दुसऱ्याच आठवड्यात आकडा अडतीसवर गेला.

सुयोगची बोटं गोंधळली. वेलांटी अक्षराच्या आधी पडायला लागली, काना दोनदा. वेग बावीसवर आला. करंगळी पुन्हा आखडली. ऑगस्टच्या चौदा तारखेला प्रमाणपत्राची परीक्षा होती. ती चुकली तर साक्षलेखनाचं काम संपलं, मग दफ्तरखान्यात फायली लावत बसायचं. डॉक्टर कस्तुरेंनी परीक्षा सप्टेंबरात ढकलून घेतली आणि मेंदूची नवी तपासणी करायला सांगितली. तिच्यात काही निघालं नाही. “कधी कधी सुरुवातीला दिसत नाही,” असं त्या म्हणाल्या.

तरीही ती बोलली नाही. उद्या आकडा खाली आणू, मग आपोआप सुधारेल आणि कुणाला कळणारही नाही, असं तिनं ठरवलं. पण त्या ‘उद्या’च्या सकाळीच सुयोगनं जयमालाबाईंना फोन करून बोलावून घेतलं होतं.

*

त्या आल्या. सुयोग म्हणाला, “मॅडम, मला तुमचा ताल आता ऐकूच येत नाही. जरा बघता?”

जयमालाबाईंनी डाव्या हाताची बोटं बटणांवर ठेवली आणि डोळे मिटले. मिनिटभर, दोन मिनिटं. मग डोळे उघडून त्यांनी सुयोगकडे पाहिलं नाही. शलाकाकडे पाहिलं.

“जरा पाणी देता का?” त्या म्हणाल्या, आणि तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं.

“ही माझी लय नाही. यात दुसरं कुणीतरी आहे. तुम्ही आहात.”

शलाकानं नळ बंद केला.

“किती दिवस?”

“अठरा.”

“हात जाईल त्यांचा. कळतं ना तुम्हाला? तुम्हाला माझा राग आहे, तर माझ्याशी भांडा. त्या हाताशी काय भांडता?”

“तुम्हाला काय कळणार माझं?” शलाकाचा आवाज चिरकला. “शहाऐंशी टक्के आहात तुम्ही. मी एकतीस. तो आजारी पडला तेही तुम्हालाच कळलं. मी त्याच सकाळी त्याला ओरडले होते.” आणि मग, इतके दिवस जे विचारायचं नाही असं ठरवलेलं, ते विचारून टाकलं. “खरं सांगा. तुमचं त्याच्यावर काही होतं का?”

जयमालाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“होतं. पहिली दोन वर्षं. त्यांना माहीत नाही आणि तुम्ही सांगू नका. मग आमचं काम इतकं जुळून आलं की मला दुसरं काही नको वाटायला लागलं. तुम्हाला हे आवडणार नाही, पण तुम्ही विचारलंत.” चष्मा डोळ्यांवर गेला. “मी त्यांना काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. आजच.”

त्या निघून गेल्या, पाणी न पिता.

शलाकानं सांगितलं. सुयोग टेबलाशीच बसलेला होता. तिनं पहिल्या दहा टक्क्यांपासून सगळं सांगितलं. मध्येच रडू आलं तर तो आपल्याला माफ करून टाकेल, म्हणून रडायचं नाही असं ठरवून सांगितलं.

“आत्ता किती आहे?” त्यानं विचारलं.

“अडतीस.”

बराच वेळ तो उजव्या हातानं डावी करंगळी चोळत राहिला.

“मला वाटलं दुसरा झटका येतोय,” तो म्हणाला. “रोज सकाळी बाथरूमचं दार लावून आरशात जीभ बाहेर काढून बघायचो, सरळ येते का. दोन आठवडे. तुला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नाही.”

शलाका त्याच्या हाताला हात लावायला गेली. त्यानं हात मागे घेतला.

त्याच दुपारी तिनं त्याच्यासमोर बसून आपली लय पुसून टाकली आणि कीबोर्डचा पासवर्ड त्याला बदलायला लावला. डॉक्टरांनाही तिनंच फोन केला आणि त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सुयोग तो विटेसारखा जड कीबोर्ड पिशवीत घालून न्यायालयाच्या ग्रंथालयात जाऊ लागला. सरावाला तिथे जयमालाबाई मधल्या सुट्टीत येऊन बसत. घरी तो शलाकाशी लागेल तेवढंच बोले. मीठ दे. गोळी घेतली. झोपतो. टेबलावर कीबोर्डची जागा रिकामी राहिली. आता ती दोघं तिकडे ग्रंथालयात एकत्र आहेत आणि त्यांना एकत्र आपणच आणलं, हे तिच्या डोक्यातून दिवसभर जात नसे. स्विचला ग्रीस लावता लावता ब्रश हातात तसाच राहून जाई.

*

सप्टेंबरच्या परीक्षेत सुयोग पास झाला. मिनिटाला सत्तावन्न शब्द, चुका नाहीत. त्याची नवी हस्तलय नोंदवली गेली. पेढे जयमालाबाईंनी वाटले.

आणि चौथ्या दिवशी, सोमवारी, सुयोग घरी आला तो उतरलेला चेहरा घेऊन. जेवताना त्यानं सांगितलं. नव्या लयीचा जयमालाबाईंच्या लयीशी मेळ त्र्याण्णव टक्के निघाला होता. नियम असा की एका दालनातल्या दोन साक्षलेखकांच्या लयींत निदान दहा टक्के फरक हवा; नाहीतर कोणतं वाक्य कुणी टंकलं ते सांगता येत नाही, आणि मग त्या ग्वाहीला अर्थच उरत नाही. दोघांपैकी एकाला नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून निफाडच्या न्यायालयात जावं लागणार होतं.

“मॅडम म्हणतायत, मी जाते. मी एकटी, मला काय. मी म्हटलं, मी जातो. भांडण झालं आमचं.”

“अरेरे,” शलाका म्हणाली.

आणि त्याच क्षणी तिच्या आत काहीतरी टाळ्या वाजवायला लागलं. निफाड! ती बाई निफाडला! तिनं मान खाली घालून भात कालवला, कारण आपला चेहरा आपलं ऐकेल असं तिला वाटेना.

अडचण एवढीच होती की शलाकाला उपाय माहीत होता. त्या अठरा दिवसांत यंत्रानं रोजचे आकडे नोंदवलेले होते. तिची लय दहा टक्के मिसळली होती तेव्हा सुयोगचा वेग जेमतेम दोन शब्दांनी उतरला होता, पण जयमालाबाईंशी मेळ पाच-सहा अंकांनी खाली आला होता. त्र्याण्णवातून पाच गेले की अठ्ठ्याऐंशी. नियमात बसतं. दुसऱ्या कुणा दात्याची लय घालून पाहायला महिने गेले असते. तिची कशी लागू पडते याचे आकडे तयार होते. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं आणि सुयोगलाही नाही. ती नुसती गप्प बसली असती तरी सगळं आपोआप तिच्या मनासारखं होणार होतं. या वेळी तिला काही करावंही लागणार नव्हतं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. ती एका ग्राहकाचे स्विच उघडत आणि बंद करत बसली. निफाडला गेलेल्या जयमालाबाई ती डोळ्यांपुढे आणायची आणि तिला बरं वाटायचं. मग सुयोगची बोटं डोळ्यांपुढे यायची. बाई निफाडला जाईल, पण ताल कुठे जातोय? तो त्याच्या हातात कायमचा राहील. आणि समोर भांडायलासुद्धा कुणी नसेल.

गुरुवारी संध्याकाळी तिनं सुयोगला जुन्या नोंदी दाखवल्या.

त्यानं त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. “हे तुझ्या कधी लक्षात आलं?”

“सोमवारीच.”

“आज गुरुवार आहे.”

“हो.”

“मग आज का सांगतेयस?”

“त्या गेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. अजूनही वाटेल. खोटं कशाला बोलू? पण मला चोरून आत शिरायचं नाहीये पुन्हा, आणि चोरून त्यांना बाहेरही घालवायचं नाहीये.”

सुयोग उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला.

“तू लय देशील? माझ्या समोर, डॉक्टरांच्या समोर? मॅडमना सांगून?”

“देईन.”

“आणि दहा म्हणजे दहा.”

“पासवर्ड तुझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

*

लय न्यायालयाच्या परीक्षा-खोलीत घेतली. डॉक्टर कस्तुरे यंत्रापाशी होत्या, सुयोग खिडकीशी. जयमालाबाई बाहेर बाकावर बसून कुठलासा अंक चाळत होत्या. शलाका आत जाताना त्यांनी वर पाहून मान हलवली. शलाकानंही हलवली. त्यापेक्षा जास्त दोघींनाही जमलं नाही.

“उतारा देऊ?” डॉक्टरांनी विचारलं.

“मनातलं टंकलं तर चालेल?”

“चालेल. मजकूर कुठे साठत नाही. चाळीस मिनिटं हवीत.”

पहिली पाच मिनिटं शलाकानं भाजीची यादी टंकली. मग ‘ळ’ उशिरा पडल्याचं टंकलं, चहाच्या कपाचं टंकलं. मग तिचा हात सुटला. शहाऐंशी आणि एकतीस, टेबलावर आदळलेला ग्लास, ग्रंथालयातली मधली सुट्टी, निफाडच्या नावानं आत वाजलेल्या टाळ्या. पडद्यावर काही उमटत नव्हतं, त्यामुळे लाजायला काही कारण नव्हतं. ती टंकत गेली, कधी आदळत, कधी थांबत. चाळीस मिनिटं झाली तेव्हा डॉक्टरांना ‘थांबा’ म्हणून दोनदा सांगावं लागलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजणी झाली. मेळ अठ्ठ्याऐंशी. सुयोग आणि जयमालाबाई आपापल्या जागी बसले, निफाडला कुणीच गेलं नाही. सकाळी दहाला सुयोग निघाला की शलाकाच्या हातातला ब्रश अजूनही थबके. डॉक्टरांनी आणखी काही आठवडे सराव चालू ठेवायला सांगितला होता. दोन्ही दात्यांची लय आलटून पालटून ऐकायची, म्हणजे बोटं दोघांनाही ओळखतील.

एका रविवारी सकाळी सुयोगनं पिशवीतून कीबोर्ड काढला आणि बऱ्याच दिवसांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला. शलाका मेथी निवडत होती. त्यानं डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं बटणांवर टेकवली. आज कुणाची लय लावलीय, ते तिनं विचारलं नाही. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा तिला कळलं.

“कशी आहे?” न राहवून तिनं विचारलं.

“खडबडीत. दगडांवरून चालल्यासारखी.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “इथे एकच वाक्य आहे. पुन्हा पुन्हा. चिडून लिहिलंयस.”

“तुला काय कळणार? अक्षरं थोडीच आहेत त्यात.”

“अक्षरं नाहीत. पण तेच वाक्य आहे. काय लिहिलं होतंस?”

शलाकानं मेथीची जुडी खाली ठेवली.

“‘ती बाई मला आवडत नाही.’ सहा वेळा लिहिलं.”

सुयोगनं डोळे उघडले नाहीत. उजव्या हातानं त्यानं लय थोडी मागे नेली आणि ती पुन्हा बोटांखालून जाऊ दिली. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता.

“सात,” तो म्हणाला, आणि मार्चनंतर पहिल्यांदा तिच्यासमोर खळखळून हसला.